मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका

शौचावाटे रक्त पडले, की आपल्या अंजनगाव सुर्जीत घरोघरी एकच निदान होते, "मुयव्याध हाय, होईन बरी!" आमच्या वस्तीतील एक गृहस्थ असेच दोन वर्षे पुड्या खात राहिले. लाजेपायी घरातही बोलले नाहीत. शेवटी नागपूरला तपासले, तेव्हा गुदद्वाराचा कर्करोग निघाला.

बहुतेकांना मूळव्याधच असते, हे खरे. पण ते डॉक्टरने बोटाने तपासून ठरवायचे, आपण नव्हे.

हा कर्करोग एका दिवसात होत नाही. बहुधा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तेथील पेशी आधी बिघडतात. पुढे कर्करोग व्हायला अनेक वर्षे लागतात, आणि तो सर्वांनाच होतो असेही नाही. म्हणजे सावध होण्यास वेळ मिळतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळही हाच विषाणू. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून एक मोठे काम केले. दहावी शिकलेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावायचे. पांढरा डाग दिसला, की पुढची तपासणी व उपचार. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

गुदद्वारातील बिघडलेला भागही असेच द्रावण लावून, दुर्बिणीतून शोधतात. अमेरिकेत ३५ वर्षांवरील सुमारे ४,४५० एचआयव्हीबाधितांचा अभ्यास झाला. २०२२ साली त्याचा निष्कर्ष आला. ज्यांचा असा भाग वेळीच जाळून काढला, त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र भाग पुन्हा बिघडू शकतो. म्हणून उपचारानंतरही तपासणी चालू ठेवावी लागते.

ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांनी आपल्या एआरटी केंद्रातील डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांनी, तसेच गर्भाशयमुख किंवा योनीमुखाचा असा आजार झालेल्या भगिनींनीही विचारावे. दुर्बिणीची ही तपासणी सगळीकडे होत नाही. पण बोटाने तपासणी साध्या दवाखान्यातही होते. रक्त, गाठ, न भरणारी जखम, सततची खाज किंवा दुखणे असेल, तर कुणीही थांबू नये.

हा विषाणू अगदी सर्रास आढळतो. तो होणे म्हणजे चारित्र्याला डाग नव्हे. बायकोने नवऱ्याला, मुलाने बापाला एवढेच म्हणावे, "चला, मी संगं येतो." लाज घडीभराची असते, जीव गेला तर घर उघडे पडते.