आधी टिक-टिक ऐका, मग पाना उचला

आजची गाडी एमजीबी. १९६२ ते १९८० दरम्यान इंग्लंडमध्ये बनलेली छोटी स्पोर्ट्स कार. तक्रार नेहमीची: स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही.

लगेच सगळे कार्ब्युरेटर उघडायला धावतात. मी सॉफ्टवेअरवाला, कोडला हात लावण्याआधी लॉग बघतो. या गाडीचा लॉग म्हणजे मागे बसवलेला एसयू इलेक्ट्रिक पंप. चावी नुसती ऑन करा, स्टार्टर मारू नका. आता कान द्या.

टिक-टिक झाली आणि थांबली? छान. फ्लोट चेंबर भरले, पंपाचं काम झालं. आता इग्निशनकडे वळा.

आवाजच नाही? पंपापर्यंत १२ व्होल्ट येतात का, अर्थिंग पक्कं आहे का, ते बघा. हलकी टपली मारल्यावर चालू झाला, तर बहुतेक आतले पॉइंट्स खराब झालेत. टपलीने घरी पोचाल, पण दुरुस्ती हवीच.

टिक-टिक थांबतच नाही? आधी टाकीत पेट्रोल आहे ना ते बघा. असेल, तर टाकी ते पंप या पाइपात कुठेतरी हवा शिरतेय. नाहीतर फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह अडकलाय आणि पेट्रोल बाहेर सांडतंय. वास आला की चावी बंद! कार्ब्युरेटरच्या खालीच एक्झॉस्ट असतो, तापलेला असला तर आग लागू शकते.

आणि हो, आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्यात टिकत नाहीत. इथेनॉलला चालणारेच लावा.