नी-हॅमरची शिकवणी

संपादकांच्या टेबलावर एक पत्रक आलं होतं. न्यूरॉलॉजीच्या तपासणीची दोन दिवसांची कार्यशाळा. एमबीबीएसचे विद्यार्थी, एमडीचे परीक्षार्थी आणि जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर यांच्यासाठी. मथळ्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'भीती घालवा'. "डॉक्टर लोक कशाला घाबरतात, बघून या," म्हणत त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं.

ही भीती नवी नाही. राल्फ जोझेफोविच या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने १९९४ साली तिचं 'न्यूरोफोबिया' असं बारसं केलं. निदान असं, की पहिल्या वर्षी पाठ केलेली मज्जासंस्थेची रचना आणि तिसऱ्या वर्षी समोर आलेला रुग्ण यांची सांगड विद्यार्थ्याला घालता येत नाही, आणि मग तो विषयच टाळू लागतो. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की काहीतरी ऐकू तरी येतं. मेंदू आणि मज्जारज्जू हाडांच्या पेटीत बंद. त्यांची बातमी हात, पाय, डोळे आणि चाल यांच्याकडून आडून काढावी लागते.

कार्यशाळा मुंबईतल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होती. सकाळचं सत्र व्याख्यानाचं. पहिल्या पंधरा मिनिटांत इतिहास उरकला गेला, तो इथेही थोडक्यात सांगतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअर भागात जोहाना चॅंडलर आणि तिच्या भावंडांच्या खटपटीतून 'पॅरलाइज्ड अँड एपिलेप्टिक' रुग्णांचं रुग्णालय १८५९ मध्ये स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी आठ खाटांवर सुरू झालं. ह्यूलिंग्ज जॅक्सन, गॉवर्स, गॉर्डन होम्स ही न्यूरॉलॉजीच्या पुस्तकांत पानोपानी भेटणारी माणसं तिथे रुग्णांभोवती विद्यार्थी जमवून शिकवत. १९५० मध्ये शेजारीच शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि तिच्या अभ्यासक्रमांना जगभरातून डॉक्टर जाऊ लागले. आपल्याकडे जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर वाडिया यांनी १९५७ मध्ये न्यूरॉलॉजी विभाग उभा केला. वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांतल्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात तोल जातो आणि नजर एका बाजूकडून दुसरीकडे नेताना डोळे विलक्षण संथ फिरतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचा जगातला पहिला सीटी स्कॅन झाला. म्हणजे वाडियांच्या हाताशी स्कॅनर नव्हता. त्यांनी डोळे बघितले होते.

चहानंतर मॅडमनी, म्हणजे कार्यशाळा घेणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी, सगळ्यांना आपापल्या हातोड्या टेबलावर ठेवायला सांगितलं. माझं लक्ष तिथे खिळलं ते शेवटपर्यंत.

वैद्यकीय विद्यार्थी या हातोडीला नी-हॅमर म्हणतात. मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत ती स्टेथोस्कोपबरोबर घेतली जाते आणि बऱ्याचदा ॲप्रनच्या खिशातच म्हातारी होते. टेबलावर नाना तऱ्हा होत्या. लाल-नारिंगी रबराचा त्रिकोण आणि आखूड दांडा, ही टेलरची हातोडी, १८८८ सालची, फिलाडेल्फियाची. दुसरी छोट्या डोक्याची, दांड्यात पिन आणि ब्रश दडवलेली. ती पिन वापरायची नाही, असं मॅडमनी तिथेच बजावलं. एकाला टोचलेली पिन दुसऱ्याला टोचायचे दिवस गेले. आणि मॅडमची स्वतःची: लांब, लवचीक दांडा आणि टोकाला रबरी कड असलेली जड चकती. हीच क्वीन स्क्वेअर हातोडी.

तिची जन्मकथा मला सगळ्या इतिहासाहून आवडली. ठोकून ऐकण्याची कल्पना ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगरची, १७६१ सालची. हा खानावळवाल्याचा मुलगा छातीवर बोटं आपटून आतला आवाज ऐके. पुढे छातीसाठी हातोड्या निघाल्या. १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात गुडघ्याच्या झटक्याचं वर्णन छापलं आणि छातीच्या हातोड्या गुडघ्याकडे वळल्या. क्वीन स्क्वेअर हातोडी मात्र कुणा प्राध्यापकाची नव्हे. १९२०च्या दशकात तिथल्या मिस विंटल नावाच्या परिचारिकेने रबरी कडेची कप्पी घेतली, बांबूच्या काठीच्या टोकाला बसवली आणि अशा हातोड्या करून निवासी डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना विकल्या. शंभर वर्षं होत आली, बांबूच्या जागी प्लॅस्टिक आलं, पण रचना तीच आहे. वजन सगळं टोकाला असल्यामुळे हाताने जोर लावावाच लागत नाही.

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर टोला बसला की मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. ताण ओळखणारे तंतू ती खबर कमरेच्या पातळीवरच्या मज्जारज्जूत नेतात. तिथे एकच सांधा ओलांडून हुकूम परत फिरतो आणि स्नायू आकसतो. मेंदूला विचारायला कुणी जात नाही. मेंदूकडून येणारे तंतू या मंडळावर फक्त वचक ठेवून असतात. म्हणून झटका नाहीसा झाला, तर बिघाड बहुतेक या मंडळातच, म्हणजे नसेत, तिच्या मुळाशी किंवा स्नायूत. झटका उसळून आला, तर वचक ठेवणारी वाट वर कुठेतरी तुटली आहे. घोटा, गुडघा, दंडाची पुढची बाजू, मागची बाजू या क्रमाने मज्जारज्जूच्या पातळ्या मोजल्या की विद्यार्थ्यांचा पाढा तयार होतो: एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ. "आजार कोणता हे नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी सांगा, कुठे?"

दुपारी वॉर्डात काका होते. काका एसटीतले निवृत्त वाहक. काही वर्षांपूर्वी डाव्या मेंदूत खोलवर एक रक्तवाहिनी बंद पडली आणि उजवी बाजू लुळी झाली. वाचा मात्र शाबूत राहिली. तेव्हापासून ते 'केस' आहेत. परीक्षा आल्या की निरोप जातो, काका मुलाबरोबर येतात, येण्याजाण्याचं भाडं, जेवण आणि थोडं मानधन घेतात. चालताना उजवा पाय अर्धवर्तुळात फिरवून पुढे टाकतात. उजव्या चपलेची पुढची कड झिजून कागदासारखी झालेली. मॅडमनी मुलांना सगळ्यात आधी ती चप्पल दाखवली.

मुलं एकेक करून पुढे आली. पहिल्याने टेलरची हातोडी गळ्याशी धरून टकटक केलं. उजवा पाय जोरात उडाला, डावा हलला नाही. "डावीकडे रिफ्लेक्स नाही," तो म्हणाला. काका गालातल्या गालात हसले. "डॉक्टर, उजवा पाय कुणालाही उत्तर देतो. डावा नीट विचारणाऱ्यालाच देतो."

सगळी शिकवणी या वाक्यात होती. लुळ्या बाजूचा झटका इतका चढलेला असतो की चुकीच्या टोल्यालाही तो येतो. निरोगी बाजू विद्यार्थ्याची परीक्षा घेते. मॅडमनी दुरुस्त्या केल्या. पायजमा मांडीपर्यंत वर घ्या, कापडावरून नाही. पाऊल सैल लोंबू द्या. दांडा शेवटाला धरा, मनगट मोकळं, हातोडी तिच्या वजनाने पडू द्या आणि तबल्यावरच्या थापेसारखा हात लगेच उचला. नजर पावलावर नको, मांडीच्या स्नायूवर हवी. तरीही नाही आला, तर रुग्णाला दोन्ही हातांची बोटं अडकवून ओढायला सांगा. एर्नो येंद्रासिक या हंगेरियन डॉक्टरची ही युक्ती. पण काकांचा उजवा हात ओढू शकत नव्हता. मुलगा घुटमळला. "मग मी दात आवळतो की," काकाच म्हणाले. त्यांनी दात आवळले आणि डावा गुडघा हलला. मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो कुठल्याही व्याख्यानात उमटला नव्हता.

तळपायाची पाळी आली, तेव्हा काका गंभीर झाले. टाचेपासून बाहेरच्या कडेने बोटांकडे बोथट टोक ओढायचं. अंगठा वर गेला तर मेंदूकडून येणारी वाट दुखावली आहे, हे बाबिन्स्कीने १८९६ मध्ये सांगितलं. मुलांना ही खूण बघायची फार हौस. पाचव्यांदा कुणी किल्ली घेऊन पुढे झालं, तेव्हा काका म्हणाले, "बाळा, आता पुरे." मॅडमनी त्यांच्या पायावर चादर ओढली आणि उरलेल्या सगळ्यांना एकमेकांचे तळपाय तपासायला लावले.

माझ्या डोक्यात मात्र पहिली शंका तिथेच आली. आपल्याकडची न्यूरॉलॉजी अशा काकांच्या पायांवर शिकली गेली आहे. त्यांची संमती घेतली जाते, पण गरज असलेल्या माणसाचं 'हो' कितपत मोकळं असतं? किती वेळा तपासलं म्हणजे पुरे, हे कुठेही लिहिलेलं नाही. ते मॅडमच्या डोळ्यांवर आणि काकांच्या सहनशक्तीवर चालतं.

दुसरी अडचण हजेरीपटावर दिसली. पत्रकात जनरल प्रॅक्टिशनर म्हटले होते. आले होते बहुतेक परीक्षार्थी. प्राथमिक आरोग्य केंद्रातला एकटा वैद्यकीय अधिकारी दोन दिवस केंद्र बंद ठेवून मुंबईला कसा येणार? खरी गरज त्याला आहे. न्यूरॉलॉजिस्ट व्हायला एमडीनंतर आणखी तीन वर्षं लागतात, आणि झालेले बहुतेक जण शहरांत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ पासून चालवलेल्या एका कार्यक्रमाचं गृहीतकच असं आहे, की आकडीसारखे आजार तज्ज्ञ नसलेल्या पण थोडं प्रशिक्षण मिळालेल्या माणसाने ओळखावेत आणि साध्या गोळ्यांवर सांभाळावेत. लकव्यात तर घड्याळच चालू असतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं; गावात पहिल्यांदा बघणाऱ्याने 'उद्या बघू' म्हटलं की ते तास गेले.

तिसरी अडचण वेळेची. पूर्ण तपासणीला अर्धा तास सहज लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. मग हातोडीऐवजी एमआरआयची चिठ्ठी लिहिली जाते. चिठ्ठी लिहायलाही 'कुठे' कळावं लागतं. मॅडम सांगत होत्या, पाय ताठरले, चालता येईना, म्हणून कमरेचा एमआरआय काढून लोक येतात. अहवाल ठीक असतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. पायांचे झटके उसळलेले असतील, तर दाब त्याच्या वर, पाठीत किंवा मानेत शोधायला हवा. दोन मिनिटं हातोडी चालली असती, तर पैसे वाचले असते. कधी कधी पायही.

चौथी अडचण हाताची. हे कौशल्य सवयीचं आहे. सोमवारपासून वापरलं नाही, तर दिवाळीपर्यंत जातं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस गुण लागतात. गुण बसून ऐकल्याचे मिळतात, हात वळल्याचे नाही. मधल्या सुट्टीत दोघे जण प्रमाणपत्र कधी मिळणार हेच विचारत होते. त्यांना दोष देववत नाही. व्यवस्थेने तेच मागितलं आहे.

मॅडमना हे सगळं माहीत आहे. म्हणून त्या तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारतात: घोट्याचा झटका शेवटचा कधी बघितलात? बहुतेक जण ओशाळतात. जे खरोखर बघतात, त्यांनी पूर्ण तपासणी केव्हाच सोडलेली असते. ते रुग्णाला चालवून बघतात, डोळे मिटून हात पुढे धरायला लावतात, घोट्यावर हातोडी टाकतात, तळपाय बघतात. तीन-चार मिनिटांत होतं. हे कळल्यावर मॅडमनी दुसऱ्या दिवसाचा निम्मा अभ्यासक्रम काढून टाकला आणि ही छोटी तपासणीच पुन्हा पुन्हा करून घेऊ लागल्या. काही सहकाऱ्यांना तो विषयाचा अपमान वाटतो. मला वाटतं, इतक्या वर्षांत या विषयावर झालेला हा सगळ्यात मोठा उपकार आहे.

आता त्यांना हीच कार्यशाळा तालुक्याच्या गावी न्यायची आहे, एका दिवसाची, स्थानिक रुग्णांसह. हातोड्या स्वस्त आहेत, शिकवायला त्या तयार आहेत. अडलंय ते त्या दिवशी केंद्र सांभाळणारा बदली डॉक्टर कोण देणार, यावर. त्याचं उत्तर न्यूरॉलॉजीच्या कुठल्याही पुस्तकात नाही. दरम्यान मुंबईतली पुढची कार्यशाळा जाहीर झाली आहे, आणि परीक्षा जवळ आल्याने जागा आधीच भरल्या आहेत.