धरणारा कुत्रा

जॉर्जिया-फ्लोरिडाच्या दलदलीत रानडुकराची शिकार दोन तऱ्हेच्या कुत्र्यांवर चालते. 'बे डॉग' माग काढतात, डुकराला कोंडीत पकडून भुंकत राहतात. 'कॅच डॉग' तोवर माणसाच्या हातातल्या पट्ट्याला असतो. भुंकणं एका जागी ठरलं की त्याला सोडतात. तो थेट डुकराच्या कानाला धरतो आणि माणूस येऊन मागचे पाय पकडेपर्यंत सोडत नाही. सुळ्यांपासून वाचावं म्हणून त्याच्या गळ्यात रुंद पट्टा, छातीवर जाड चिलखत. हे काम बहुधा अमेरिकन बुलडॉगचं.

१८३५ मध्ये इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळावर बंदी आली आणि तिथला बुलडॉग हळूहळू प्रदर्शनाच्या मांडवात गेला. नाक चपटं झालं, श्वास कोंडू लागला; आज त्याच्या माद्यांची बाळंतपणं बहुतेकदा शस्त्रक्रियेनेच होतात. माणसाने एका धडधाकट जनावराचं हे केलं, याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र मोकाट गुरं-डुकरं धरायला शेतकऱ्याला जुनाच कुत्रा हवा होता, म्हणून तो तसाच टिकला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तोही संपत आला. तेव्हा जॉर्जियाच्या जॉन डी. जॉन्सन यांनी खेडोपाडी फिरून उरलेले चांगले कुत्रे गोळा केले. पुढे अ‍ॅलन स्कॉट त्यांना येऊन मिळाले. जॉन्सन यांचा वाण थोराड, मोठ्या डोक्याचा. स्कॉट यांचा चपळ, लांब तोंडाचा. युनायटेड केनेल क्लबची मान्यता आली ती १९९९ मध्ये.

मला स्कॉट यांची बाजू पटते. जबडा आवळलेला असताना कुत्र्याला नाकानेच श्वास घ्यायचा असतो. तोंड आखूड झालं की तो उन्हात धापा टाकत कोसळतो.

पण खरी पारख स्वभावाची. रागीट कुत्रा इथे निरुपयोगी, कारण त्या झटापटीत शेजारी बे डॉग असतात, माणसाचे हात असतात, आणि संध्याकाळी अंगणात मुलं. हवं असतं ते धैर्य, ज्यात चीड नाही. ते पिल्लात नीट कळत नाही. म्हणून जाणते लोक घाई करत नाहीत. दोन वर्षांनी खुब्यांचा एक्स-रे काढतात, मगच वीण. याच जातीत मेंदूच्या पेशी झिजवणारा एक आनुवंशिक रोग आहे. त्यात तरुणपणीच मागचे पाय लटपटतात, तोल जातो. एकाच बाजूने दोष आलेला कुत्रा मात्र ठणठणीत असतो, उत्तम शिकारही करतो, म्हणून रानातली कामगिरी पाहून हे ओळखता येत नाही. जनुकाची तपासणीच लागते. तसा कुत्रा गुणी असेल तर त्याला बाद करायचं कारण नाही. जोडीदार निर्दोष निवडला की पिल्लं या रोगापासून वाचतात.

डुक्कर बांधून झालं, की मालक कुत्र्याच्या गळपट्ट्यात हात घालतो. काहींच्या दातांत लाकडी पाचर सारावी लागते. काही मात्र नुसत्या शब्दावर जबडा सैल करतात. पुढच्या विणीसाठी नजर ठरते ती अशा कुत्र्यावर.