नाक व सायनसमधील मेलॅनोमा : उपचार आणि जीवितकाल (बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
मेलॅनोमा हा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग होय. तो सामान्यतः त्वचेवर आढळतो. मात्र नाक व सायनसच्या श्लेष्मल आवरणातही या पेशी असल्याने तेथेही तो क्वचित उद्भवतो. एकूण मेलॅनोमामध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असून बहुतांश रुग्ण साठीच्या पुढचे असतात. प्रस्तुत लेखात या रोगाचे उपचार व जीवितकाल यांचा विचार केला आहे.

लक्षणे व निदान :
एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे व तीच नाकपुडी बंद राहणे ही प्रमुख लक्षणे होत. उन्हाळ्यात घोळणा फुटणे ही विदर्भात नित्याची बाब असल्याने याकडे दुर्लक्ष होते. काही गाठींत काळा रंग नसतो; त्या साध्या मांसवृद्धीसारख्या दिसतात. म्हणून नाकातून काढलेली प्रत्येक गाठ सूक्ष्मदर्शी तपासणीस पाठविणे अगत्याचे आहे. रोगाची आक्रमकता लक्षात घेऊन टीएनएम वर्गीकरणात लहानात लहान गाठीसही 'टी ३' हाच दर्जा दिला जातो.

उपचार :
गाठ संपूर्ण काढणारी शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार होय. योग्य रुग्णांत ती दुर्बिणीद्वारे करता येते. त्यानंतरच्या किरणोपचाराने त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण घटते. परंतु एकूण आयुर्मान वाढल्याचे निःसंशय सिद्ध झालेले नाही. पसरलेल्या रोगात प्रतिकारशक्तीस चालना देणारी निवोलुमॅब, इपिलिमुमॅब ही औषधे वापरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात दोन्ही औषधे मिळून श्लेष्मल मेलॅनोमाच्या सुमारे ३७ टक्के रुग्णांत गाठी आक्रसल्या. त्वचेच्या मेलॅनोमात हेच प्रमाण सुमारे ६० टक्के होते.

जीवितकाल :
पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साधारणतः २० ते ४० टक्के आढळते. नासिकापोकळीतील रोगाचे भवितव्य सायनसमधील रोगापेक्षा बरे असते. मूळ जागी रोग आटोक्यात आला तरी फुप्फुस, यकृत आदी अवयवांत तो पसरू शकतो. त्यामुळे उपचारानंतरही नियमित तपासणी आवश्यक ठरते.

जिल्ह्याचा संदर्भ :
उपचारासाठी येथील रुग्णांना छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय किंवा १९४१ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठता येते. मलकापूर व शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहेत; जिल्ह्याचे मुख्यालय मात्र रेल्वेमार्गावर नाही. नेहमीच्या पद्धतीचा किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतो. शासकीय आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागला तरी परगावचा मुक्काम व बुडालेली मजुरी यांचा भार शेतकरी-शेतमजूर कुटुंबावरच पडतो. उपचार अर्धवट राहण्याचा धोका येथेच संभवतो.

निष्कर्ष :
या रोगाचे स्वरूप बदलणे रुग्णाच्या हाती नाही. निदानातील विलंब टाळणे मात्र शक्य आहे. वयस्क व्यक्तीच्या एकाच नाकपुडीतून पुनःपुन्हा रक्त येत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीद्वारे तपासणी करून घेणे, हाच या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून ही माहिती गावोगावी पोहोचविता येईल.