मान्यताप्राप्त लेख आणि किरकोळ दुरुस्ती

अनेकांनी मिळून लिहिलेल्या ज्ञानकोशातील एखाद्या लेखाला तज्ज्ञांची मान्यता मिळाली की त्याला पुढे कोणी हात लावू शकत नाही, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुतः मान्यता मिळते ती लेखाच्या एका विशिष्ट आवृत्तीला. लॅरी सँगर यांनी २००६ मध्ये घोषित केलेल्या आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘सिटिझेन्डियम’ या इंग्रजी ज्ञानकोशाची रचनाच यावर बेतलेली होती. विषयतज्ज्ञांनी मान्य केलेली आवृत्ती तेथे कुलूपबंद होई, परंतु तिच्या जोडीला मसुद्याचे पान खुले राही आणि तेथे झालेली सुधारणा फेरमान्यतेनंतर मुख्य लेखात येई.

मान्यतेपूर्वी मुद्रितशोधन झालेले असल्यामुळे नंतर चुका उरत नाहीत, हा दुसरा गैरसमज. २००० साली सुरू झालेल्या ‘न्यूपीडिया’ने सात टप्प्यांच्या परीक्षणापैकी दोन टप्पे केवळ भाषिक संस्कारासाठी राखून ठेवले होते, तरीही लेख हजारो डोळ्यांखालून जाऊ लागला म्हणजेच काही चुका उघड होतात, हा प्रकाशन व्यवसायातला जुना अनुभव आहे.

सर्वांत घातक समजूत मात्र अशी, की दुरुस्ती एखाद्या अक्षराची असेल तर ती तपासण्याचे कारण नाही. दुरुस्ती किरकोळ आहे की नाही हे बदललेल्या अक्षरांच्या संख्येवरून नव्हे, तर अर्थ बदलतो की नाही यावरून ठरते. ‘पेशवाई १८१८ मध्ये संपुष्टात आली’ या वाक्यातील तिसऱ्या अंकाच्या जागी ‘९’ आला, तर बदल एकाच अंकाचा होतो, देवनागरीत तो नजरेतून सहज सुटतो, आणि इतिहास मात्र ऐंशी वर्षांनी सरकतो. उलट, संपूर्ण परिच्छेदातील विरामचिन्हे नीट केली तरी आशयाला धक्का लागत नाही. म्हणूनच विकिपीडियावर ‘छोटा बदल’ अशी खूण केलेले संपादनही लेखाच्या इतिहासात, म्हणजे प्रत्येक बदलाच्या कालानुक्रमिक नोंदीत, जुन्या आणि नव्या मजकुरातील फरकासह कायम राहते. जर्मन विकिपीडियाने २००८ मध्ये तपासलेल्या आवृत्त्यांची पद्धत स्वीकारली. तिच्यानुसार नवख्याने केवळ स्वल्पविराम घातला तरी अनुभवी सदस्याने तो पाहीपर्यंत लॉग-इन न केलेल्या वाचकाला आधीचीच आवृत्ती दिसते. ही तपासणी उघड खोडसाळपणा रोखण्यापुरती असते, ती तज्ज्ञाची मान्यता नव्हे, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

पूर्ण संरक्षित, म्हणजे फक्त प्रचालकांनाच बदलता येणाऱ्या, लेखात सामान्य वाचकाला काहीच करता येत नाही, हेही खरे नाही. लेखाच्या चर्चापानावर चुकीचे वाक्य आणि त्याचे शुद्ध रूप शेजारी शेजारी देऊन, गरज असल्यास आधार जोडून विनंती केली, तर अधिकार असलेला प्रचालक ती दुरुस्ती करू शकतो. ‘लेखात बऱ्याच चुका आहेत’ एवढ्याच तक्रारीने मात्र कोणाचेच काम पुढे सरकत नाही.

शुद्धलेखनाचा नियम सगळीकडे सारखाच लावावा, या आग्रहातूनही हानी होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यामुळे ज्ञानकोशकाराच्या स्वतःच्या वाक्यात ‘नाहीं’ असे आल्यास ते सुधारणे योग्यच, पण एकोणिसाव्या शतकातील ग्रंथाच्या अवतरणात तोच अनुस्वार पुसणे म्हणजे मूळ लेखकाच्या मजकुरात फेरफार करणे होय, आणि अशा ठिकाणी मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून आवश्यक वाटल्यास कंसात तशी टीप देणे एवढेच संपादकाच्या हाती असते.