बंद चर्चचं चालू खातं

अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ आहे. 1973 साली सुरू झालेल्या या निर्यात क्षेत्रात संगणकाचं काम चालतं, हिऱ्यांचे दागिने घडतात आणि पास दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. या कुंपणाच्या आत चारशेहून अधिक वर्षांचं एक चर्च उभं आहे, हे अंधेरीत हयात घालवलेल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

जेझुइट पाद्र्यांनी 1579 साली ते बांधलं आणि बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाला वाहिलं. पुढे साष्टी पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे गेली, 1774 मध्ये इंग्रजांकडे आली. राज्यं बदलली तरी गाव जागचं हललं नाही. ते हलवलं 1840 च्या सुमारास आलेल्या साथीने. मागे उरलेल्यांनी जवळच्या मरोळला बिऱ्हाडं नेली. जाताना त्यांनी मूर्ती नेल्या, खांब नेले, बाप्तिस्म्याचं कुंडही नेलं. मरोळच्या नव्या चर्चमध्ये त्यांची पुन्हा स्थापना झाली. म्हणजे भिंती मागे राहिल्या, पण ज्या पाण्याने आज्याचं नामकरण झालं, त्याच कुंडातल्या पाण्याने नातवाचंही झालं.

मग बंद पडलं ते नेमकं काय? बँकेत असताना निष्क्रिय खात्यांची यादी माझ्या टेबलावर येई. वर्षानुवर्षं व्यवहार नाही, म्हणून खातं बाजूला काढलेलं. पण खातेदाराने येऊन थोडी रक्कम भरली की तेच खातं पुन्हा जिवंत होई. या चर्चचं तसंच आहे. मे महिन्यातल्या एका रविवारी फाटक उघडायचं, जुन्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांनी आत यायचं आणि छप्पर नसलेल्या त्या भिंतींमध्ये मिस्सा करायची, असा रिवाज आहे. संताचा सण खरा 24 जूनचा. पण उघड्या आभाळाखाली आपला पाऊस तो होऊ देईल कसा? म्हणून मे, असा माझा तर्क.

खातेदारांनी आपलं काम चोख केलं. प्रश्न भिंतींचा आहे. पावसाळा दरवर्षी त्यातून थोडं काढून घेतो आणि भर कुणीच घालत नाही. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आणि कारखाने, सगळ्यांना पुरून उरलेली ही वास्तू केवळ तिच्या खातेदारांची नव्हे, मुंबईची ठेव आहे. ठेव बुडाल्यावर पासबुक जपून काय उपयोग?