मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर किती फुटी घ्यावा?



मागच्या वेळी डाळिंबाच्या बागेतल्या गवताबद्दल बोलताना आम्ही सहज म्हणून गेलो, की आमच्या गटाने आता खुरपणीच्या जोडीला मिनी ट्रॅक्टरवर स्लॅशर चालवायला घेतलाय. त्यानंतर जे फोन आले, ते बहुतेक एकाच प्रश्नाचे. "ताई, आमच्याकडं छोटा ट्रॅक्टर आहे. त्याला तीन फुटी घेऊ, का चार फुटी?" एकीने तर विचारलं, "दुकानदार म्हणतोय पाच फुटी न्या, किमतीत फारसा फरक नाही. घेऊन टाकू का?" आजची गोष्ट तिच्यासाठी आहे, कारण आम्हीही हेच ऐकलं होतं आणि हेच केलं होतं.

आधी थोडं यंत्राविषयी. स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे तीन टोकांवर लटकणारं लोखंडी झाकण, आणि त्याच्याखाली पंख्यासारखी आडवी फिरणारी पाती. ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्याला, शाफ्ट जोडायचा की पाती फिरतात आणि गवत जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापलं जातं. रोटाव्हेटर माती उकरतो, मुळं तोडतो. स्लॅशर मातीला हात लावत नाही. मुळं जागेवर राहतात म्हणून पावसात माती वाहून जात नाही, आणि कापलेलं गवत तिथंच पसरून उन्हाळ्यात ओल धरतं. कोकणात आंबा-काजूच्या उतारावर बेणणीला हे यंत्र चालतं ते याचसाठी. आमच्याकडं डाळिंबाच्या मुरमाड रानातही चालतं, फक्त दगडांचं भान ठेवावं लागतं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या बारीक करायच्या असतील तर मात्र तो मल्चर वेगळा. त्याला ताकद जास्त लागते. त्याचं आज बोलत नाही.

आता मापाकडं येऊ. आमचा ट्रॅक्टर १५ एचपीचा. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात गेलो तर चार फुटी स्लॅशर पुढ्यात उभा केला. "मोठा घ्या, काम लवकर उरकेल," हे वाक्य ऐकून आम्ही सगळ्या जणी खूश. घरी आणला, बागेत घातला. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत कापलं तोवर ठीक होतं. श्रावणात गवत गुडघ्यापर्यंत गेलं आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला. इंजिन दबायचं, पाती मंदावायची, गवत कापलं न जाता नुसतं ओरबाडलं जायचं. बांधावरून वळताना स्लॅशर उचलला की पुढची चाकं हलकी व्हायची, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जायचा. विहिरीच्या कडेला एकदा असं झालं आणि त्या दिवशी आम्ही काम बंद केलं. पुढं तो स्लॅशर तोट्यात विकला. तोटा सगळ्या जणींच्या बचतीतून गेला, आणि ती बैठक कशी झाली असेल हे तुम्हाला सांगायला नको.

चूक कुठं झाली? ट्रॅक्टरवर लिहिलेली एचपी ही इंजिनाची असते. स्लॅशरला मिळते ती पीटीओची. ती इंजिनाच्या साधारण शेकडा ८० ते ९० धरायची. म्हणजे आमच्या १५ एचपीच्या ट्रॅक्टरचे मागे पोचतात १२-१३. आता स्लॅशरच्या कापणीच्या रुंदीला दर फुटामागं पीटीओची ४ ते ५ एचपी लागते, असा ढोबळ हिशोब आहे. गवत कोवळं आणि वेळच्या वेळी कापलं जाणारं असेल तर ४ धरा, दाट आणि उंच होऊ देत असाल तर ५. आमचे १२ भागिले ४, उत्तर तीन फूट. दुकानात हा भागाकार एखाद्या पोरीनंसुद्धा तोंडी केला असता. आम्हाला तो कुणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

याच हिशोबाने १८ एचपीच्या ट्रॅक्टरला तीन ते साडेतीन फुटी झेपतो, आणि २४ एचपीच्या आसपासच्याला चार फुटी आरामात, जमीन सपाट आणि गवत हलकं असेल तर पाच फुटापर्यंतही. घाणेरीची झुडपं किंवा बाभळीचे फुटवे कापायचे असतील तर हा हिशोब चालत नाही. किती जाड खोड कापायचं यंत्र आहे हे बनवणारा सांगतो, तेवढंच ऐकायचं.

पीटीओची खरी एचपी कुठं कळते? ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात असते. शिवाय मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे, तिच्या अहवालातही असते. विक्रेत्याला तो अहवाल मागा. हसला तर हसू द्या.

पण ताकद झेपते म्हणून मोठा घ्यावाच असंही नाही. टेप घेऊन आधी बागेत जा. डाळिंबाच्या दोन ओळींत १४ फूट अंतर असेल, तर दोन्हीकडच्या फांद्या आणि ठिबकच्या नळ्या सोडून मधे मोकळा पट्टा उरतो साधारण ७ फूट. चार फुटी स्लॅशर एकदा जाऊन एकदा आला की पट्टा पुरा. तीन फुटीला तीन फेऱ्या. इथं ट्रॅक्टर दमदार असेल तर चार फुटी खरंच फायद्याचा. साडेतीन फुटी कागदावर दोन फेऱ्यांत बसतो, पण एवढं सरळ आपल्यातलं कुणी चालवत नाही, मधे गवताची शेंडी उरतेच. द्राक्षाचं उलटं आहे. ९ फुटांच्या ओळीत मोकळी वाट साडेपाच फुटांच्या आसपास. तिथं तीन फुटीलाही दोनच फेऱ्या आणि चार फुटीलाही दोनच. जास्तीच्या फुटाचे पैसे वाया, वर नळ्या कापल्या जायची भीती.

मग आमच्यासारख्या १५ एचपीवाल्यांनी तीन फेऱ्या मारत बसायचं का? आम्हालाही ते जड वाटलं होतं. म्हणून हिशोब मांडला. तीन फुटी स्लॅशर १५ एचपीला हलका, त्यामुळे ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चालतो. १०० मीटर लांबीच्या पट्ट्याला तीन फेऱ्या म्हणजे ३०० मीटर, सहा मिनिटं. चार फुटी ओढताना दाट गवतात ताशी २ किलोमीटरच्या वर जाता येत नव्हतं. दोन फेऱ्या म्हणजे २०० मीटर, तीही सहा मिनिटंच! वळायला एखादं मिनिट इकडं-तिकडं. मोठ्या यंत्राने वेळ वाचलाच नव्हता, डिझेल आणि गिअरबॉक्स मात्र जळत होता.

एक सांगायचं राहिलं. गवत दाट लागलं की हात आपोआप ॲक्सिलरेटर कमी करायला जातो. तसं करू नका. स्लॅशरला पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे मिळायलाच हवेत. वेग कमी करायचा तो खालचा गिअर टाकून.

स्लॅशर ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडेपर्यंत तरी पोचला पाहिजे. नाहीतर टायरखाली दबलेलं गवत चार दिवसांनी पुन्हा उभं राहतं. आम्ही मागची चाकं आतल्या बाजूला बसवून घेतली, तेव्हा बाहेरची रुंदी बरोबर ३ फूट आली. काही स्लॅशर एका बाजूला सरकवून जोडता येतात, फांद्यांखाली जायला ते बरे.

वजनाचं काय? ट्रॅक्टर ७०० किलो उचलतो असं सांगतात, ते खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी. स्लॅशरचा भार त्याच्याही मागं दोन-तीन फुटांवर असतो. पाण्याचा हंडा कमरेवर घेणं आणि हात लांब करून धरणं, यातला फरक आपल्याइतका कुणाला कळणार! म्हणून दुकानातच स्लॅशर जोडून पूर्ण उचलायला लावा, आणि पुढची चाकं हलकी झाली तर त्या मापाचा नाद सोडा किंवा पुढं वजनं लावून घ्या. जोडतानाच शाफ्टची लांबीही बघा. शाफ्ट लांब असेल तर स्लॅशर वर-खाली होताना तो आतल्या आत ठेचतो आणि गिअरबॉक्स फोडतो. तो मापात कापून द्यायचं काम विक्रेत्याचं.

दगडांच्या रानात दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. पाती बिजागरीवर झुलणारी हवीत, म्हणजे दगड लागला की मागं सरकतात. आणि शाफ्टला स्लिप क्लच किंवा शिअर बोल्ट हवा. शिअर बोल्ट मुद्दाम कमजोर असतो, तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आमच्या एका भावाने तो सारखा तुटतो म्हणून जाड बोल्ट ठोकला होता. ते यंत्र नंतर भंगारातच गेलं.

छोट्या ट्रॅक्टरला बऱ्याचदा एकच क्लच असतो. क्लच दाबला तरी फिरत्या पात्यांचा जोर शाफ्टमधून उलटा येऊन ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. ब्रेक मारला तरी हात-दोन हात पुढं जातो. बांधाच्या टोकाला हे जिवावर बेतू शकतं. शाफ्टला फ्रीव्हील बसवलं, सायकलच्या मागच्या चाकाला असतं तसं, की हा धोका जातो. घेतानाच मागून घ्या.

आणि आता पदराचं. हे आम्ही दर वेळी सांगतो, आजही सांगणार. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. मनगटाएवढ्या जाडीच्या शाफ्टवर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. पदर अडकला हे कळायच्या आत तो संपलेला असतो. शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर असल्याशिवाय चालू करायचा नाही, फाटलं तर नवं आणायचं. आम्ही चालवताना सलवार-कमीज किंवा पँटवर अंगात घट्ट शर्ट घालतो, ओढणी घरी. सुरुवातीला पारावरच्या मंडळींनी बोलून घेतलं. आता त्यांच्याच बागेत आम्ही भाड्याने जातो, तेव्हा कुणी काही बोलत नाही.

पात्यांचंही ऐका. चार फुटी घेऱ्याचं पातं मिनिटाला ९०० वेळा फिरत असेल, तर त्याचं टोक ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने जातं. त्याला लागलेला खडा कुठं जाईल सांगता येत नाही. स्लॅशर चालू असताना मागं साखळ्यांचा पडदा हवा, आणि बागेत दुसऱ्या बायका, पोरं, शेळ्या नकोत. पीटीओ बंद केल्यावरही पाती बराच वेळ फिरत राहतात. अडकलेलं गवत काढायचं असेल तर इंजिन बंद, किल्ली कमरेला, मगच खाली वाकायचं.

पैशांचं थोडक्यात. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज महाडीबीटीवर. पूर्वसंमती हातात पडायच्या आधी खरेदी केली तर अनुदान जातं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याणची मिनी ट्रॅक्टरची ९० टक्के अनुदानाची योजना आहे, ती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. मात्र अनुदानात बसतं म्हणून मोठं माप उचलू नका. अनुदान एकदा मिळतं, डिझेल दर वेळी भरावं लागतं.

एका मैत्रिणीने फोनवर वेगळंच विचारलं. "यंत्र आलं तर आमची खुरपणीची मजुरी जाणार ना?" तिचं खरं आहे. आमच्या गटातल्याही काही जणी दुसऱ्यांच्या बागेत रोजाने जायच्या. स्लॅशर फक्त मधला पट्टा कापतो, झाडाच्या आळ्यातलं खुरपं कुणी काढून घेत नाही. पण रोज कमी झाले, हे नाकारता येणार नाही. आम्ही असं ठरवलं, की भाड्याचे पैसे गटात जमा करताना चालवणारीला आणि तिच्यासोबत दगड वेचत, नळ्या बाजूला करत पुढं जाणारीला रोज आधी द्यायचा. त्या कामावर पाळी लावली आहे. हे पुरेसं आहे का, यावर आमच्यातच अजून वाद आहे.

तुमच्याकडं विक्रेता डेमो द्यायला तयार असेल तर त्याला पावसाळ्यात बोलवा, गवत गुडघ्याएवढं झाल्यावर, आणि सगळ्यात दाट कोपऱ्यात चालवायला सांगा. सोबत टेप आणि ट्रॅक्टरचं माहितीपत्रक ठेवा. ओळीतलं अंतर, टायरांची रुंदी आणि पीटीओची एचपी हे तीन आकडे कागदावर लिहून आम्हाला कळवलंत, तर माप काढायला आम्ही मदत करू.